कॉइलवरचा आळ

मोटर वाइंडिंगच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक दुखणं सांगत नाही, थेट निदान सांगतं. "कॉइल जळलीय." मोटर अजून रिक्षातून खाली उतरलेली नसते, तिचं झाकण उघडलेलं नसतं, पण निकाल लागून मोकळा. फोंड्याच्या आजूबाजूला, प्रियोळ, केरी, सावईवेरे या पट्ट्यात, ज्याचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आहे त्याच्याकडे पंप असतोच. मार्च-एप्रिलात पोफळींना पाणी कमी पडायला लागलं की हे वाक्य रोजचंच होतं. मी मान डोलावतो. जळलेली असतेच बहुधा; वॉर्निशचा तो करपट वास पायरीवरच नाकात शिरतो. पण कॉइल जळली हे उत्तर झालं कुठे? ती का जळली हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा कॉइलमध्ये सापडत नाही.

बेअरिंग सुकलेलं असतं. संध्याकाळी सगळीकडे दिवे लागल्यावर व्होल्टेज पडतं आणि मोटर जास्त करंट ओढत कण्हत राहते. थ्री फेजमधली एक फेज गेलेली असते आणि कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. स्टार्टरच्या पेटीत पाल शिरून कॉन्टॅक्टमध्ये भाजून निघालेली असते. विहिरीतला फूटव्हॉल्व्ह गळत असतो, पंप कोरडा चालतो, सील जळतं, पाणी आत मुरतं. या सगळ्यांची पापं तांब्याची तार निमूट पोटात घालते आणि शेवटी काळी पडते. मग आळ तिच्यावर. नुसती कॉइल नवी भरून दिली आणि मूळ दोष तसाच ठेवला, तर तीच मोटर गणेश चवथीच्या आत परत दुकानात येते, आणि या वेळी आळ माझ्यावर असतो.

हे सगळं आता लिहावंसं वाटलं ते भाच्यामुळे. तो इंग्लंडात स्विंडनला असतो, पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे गेलेल्या कितीतरी गोवेकरांसारखा. गोदामात रात्रपाळी करतो. कॉलेजात असताना सिगारेट लागली होती, ती तिथे जाऊन व्हेपवर, म्हणजे विजेच्या सिगारेटवर, आली. तिथली सरकारी आरोग्यसेवाच सिगारेट सोडू पाहणाऱ्याला व्हेपचा पर्याय सुचवते. जो ओढतच नाही त्याने याच्याही वाटेला जाऊ नये, हेही तीच बजावते. माझ्या बहिणीला यातलं पहिलं वाक्य पटत नाही आणि दुसरं तिने फ्रेम करून लावलं असतं. भाच्याचा मात्र ओढण्याइतकाच जीव उघडून बघण्यात अडकला. व्हेपमध्ये द्रव तापवून वाफ करणारी कॉइल असते, ती तयार विकत घेऊन बसवायची सोडून तो स्वतः तार गुंडाळायला लागला, आणि पहिल्यांदा बिघडली तेव्हा त्याने सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ कॉल लावला. "मामा, कॉइल जळली."

आपल्याकडे ही वस्तू बंद आहे. १८ सप्टेंबर २०१९ला अध्यादेश निघाला, त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळ्यावर बंदी; आणि अख्ख्या उपकरणावरच नव्हे, त्याच्या सुट्या भागांवरही. तेव्हा माझ्या टेबलावर त्यातला स्क्रूसुद्धा कधी आलेला नाही. जे पाहिलं ते फोनच्या पडद्यावर. कोपऱ्यावरच्या गाड्यावर सिगारेटचं पाकीट राजरोस मिळतं आणि हे मिळत नाही, यावर तावातावाने बोलणारे लोक मला भेटतात. मी विडी-काडीतला माणूस नाही, त्यामुळे वाद ऐकून घेतो. माझं कुतूहल तारेपुरतं.

कारण ती तार माझ्या तारेची अगदी उलट. मी आयुष्यभर तांबं गुंडाळलं, आणि माझ्या कॉइलने तापू नये म्हणून धडपडलो. करंटच्या वर्गाला रेझिस्टन्सने गुणलं की उष्णता, हा जूलचा नियम माझ्या धंद्यात वैऱ्यासारखा दबा धरून बसलेला. मोटरच्या इन्सुलेशनचे वर्ग असतात: बी १३० अंशांपर्यंत, एफ १५५, एच १८०. त्याच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं, असा आम्ही ठोकताळा धरतो. भाच्याच्या टँकमधली, म्हणजे व्हेपच्या द्रव भरायच्या डबीतली, कॉइल तापली नाही तर कुचकामी. तिचा जन्मच भाजण्यासाठी. ही तार बहुधा कँथल असते, म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू. स्वीडनमधल्या हॅल्स्टाहामर गावात हान्स फॉन कांट्सोव याने तो गेल्या शतकाच्या पूर्वार्धात भट्ट्यांसाठी तयार केला. त्याच्या आधीची नायक्रोम, निकेल आणि क्रोमियमची, अमेरिकेत अल्बर्ट मार्श याने १९०६ साली पेटंट केलेली. आपल्या इस्त्रीत, टोस्टरमध्ये, जुन्या उघड्या शेगडीत लाल व्हायची ती हीच. विजेची सिगारेट त्या मानाने कालची. २००३ साली चीनमध्ये होन लिक या औषधतज्ज्ञाने ती बनवली तेव्हा त्यात तापणारी तार नव्हती, ध्वनिकंपनाने द्रवाचे तुषार उडवायची योजना होती. तार नंतर आली आणि टिकली.

पहिला घोळ गेजचा, म्हणजे तारेच्या जाडीच्या नंबराचा, झाला, आणि तो मला फार आवडला. भाचा म्हणाला, २८ नंबरची कँथल, अडीच मिलिमीटरच्या दांड्यावर सहा वेढे. मी कागद घेतला. २८ नंबर म्हणजे ०.३७६ मिलिमीटर, हे मला झोपेतही सांगता येतं. लांबी काढली, दोन टोकांचे पाय धरले, उत्तर आलं ०.८ ओम. त्याच्या व्हेपच्या यंत्रावर १.१ दिसत होता. तो म्हणे यंत्र बिघडलंय, मी म्हणे वेढे मोज. त्याने फोन जवळ नेऊन वेढे मोजून दाखवले, सहाच होते. शेवटी त्याला तारेच्या रिळावरचं लेबल वाचायला लावलं, तेव्हा उलगडा झाला. आपल्या बाजारात वाइंडिंगची तार एस.डब्ल्यू.जी. मापाने मिळते, ब्रिटिशांनी लावलेल्या. ते माप विलायतेहून आलं आणि विलायतेत बसलेल्या भाच्याच्या हातात होतं अमेरिकन मापाचं रीळ! अमेरिकन २८ नंबर ०.३२ मिलिमीटर. मीटरभर तारेला आमच्या हिशेबाने १३ ओम, त्यांच्या हिशेबाने १८. यंत्र ठीक, वेढे ठीक, माझं गणितही ठीक.

अशा छोट्या आकड्यांत साधा मल्टिमीटर फसवतो, हेही त्याला सांगावं लागलं. दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली तरी मीटर शून्य दाखवत नाही, ०.२-०.३ ओम दाखवतो. तो रेझिस्टन्स प्रोबच्या वायरींचा. मोठ्या मोटरची वाइंडिंग मोजताना आम्हाला हा त्रास रोजचा, आधी टोकं टेकवून आकडा लिहायचा आणि मग तो वजा करायचा. एक ओमच्या कॉइलमध्ये पाव ओमची चूक म्हणजे चेष्टा नव्हे.

मग तापण्याचा प्रश्न. नवी कॉइल द्रव शोषणारा वातीचा कापूस न घालता हळूच पेटवून बघतात. ती मधोमध लाल व्हायला हवी आणि लाली दोन्ही बाजूंना सारखी पसरायला हवी. भाच्याची कॉइल एका कडेला आधी पांढरट पिवळी व्हायची, बाकीची काळीच. एखादा वेढा बाकीच्यांपासून सुटा राहिला, किंवा पोस्टाजवळचा, म्हणजे तारेचं टोक स्क्रूने आवळायच्या खांबाजवळचा, पाय वाकडा ताणला गेला, की हे होतं. सिरॅमिकच्या टोकाचा चिमटा घेऊन, बटण सोडल्यावर, गरम वेढे एकमेकांना हलके दाबायचे. पुन्हा पेटवायची, पुन्हा दाबायची. इथे मला एक शंका आली, वाइंडरला येणारच. उघडी तार, वेढ्याला वेढा चिकटलेला; मग वेढे आपसात शॉर्ट कसे होत नाहीत? आमच्या तारेवर इनॅमलचा थर असतो आणि तो एका जागी खरवडला गेला तरी स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा वाइंडिंगचा भाग, वाया. उत्तर त्या मिश्रधातूतल्या ॲल्युमिनियममध्ये आहे. पहिल्यांदा लाल झाली की कँथलच्या अंगावर ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, पातळ थर धरतो, आणि तो वीज अडवतो. म्हणजे ही तार तापून स्वतःचं इनॅमल स्वतःच बनवते. माझी तार तापली की इनॅमल गमावते. हे कळलं त्या दिवशी मी दुकानातल्या पोराला बोलावून सांगितलं. त्याला विशेष काही वाटलं नाही.

इतकं सगळं बरोबर करूनही भाच्याची मूळ तक्रार कायम होती. तिसऱ्या-चौथ्या झुरक्याला घशात करपट चटका, खोकला, आणि तोंडात जळक्या कापडाची चव. "कॉइल जळली." मी त्याला कॅमेऱ्यासमोर उघडायला लावली. कापूस बाहेर काढल्यावर कॉइल स्वच्छ, राखाडी, सारखी. कापूस मात्र मध्ये तपकिरी, एका जागी काळा. तार धडधाकट आणि वात जळलेली.

वातीवर आमचे कितीतरी रविवार गेले. टँकमधला द्रव दोन गोष्टींचा असतो, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. त्यात चव आणि निकोटिन. ग्लायकॉल पातळ, १८८ अंशांना उकळतं. ग्लिसरीन दाट, २९० अंशांना. कापसाच्या तंतूंमधून हा द्रव केशाकर्षणाने कॉइलपर्यंत चढतो, तिथे वाफ होतो आणि जाताना तारेची उष्णता घेऊन जातो. ओली वात म्हणजे तारेचा थंडावा. वात कोरडी पडली की ती उष्णता कापसालाच खायला लागते, आणि उरलेलं ग्लिसरीन मोडून त्यातून ॲक्रोलिन निघतं; तेल करपल्यावर डोळ्यांना झोंबतं ते हेच. त्यामुळे करपट झुरका नुसता चवीचा मामला नव्हे, तो घेऊ नये. यंत्र तिथेच थांबवावं.

भाच्याने काय केलं होतं, तर गळू नये म्हणून कापूस ठासून भरला होता. माझ्या आईच्या हातची निरांजनाची वात आठवली. सैल वळली तर ज्योत भडकते, पीळ घट्ट बसला तर तूप वर चढत नाही आणि वात नुसती काजळते. इथेही तेच. कॉइलमधून कापूस ओढताना त्याने किंचित अडावं, पण कॉइल जागची हलू नये. मग दोन्ही टोकं तिरकी कापायची, विंचरून पिसासारखी मोकळी करायची, आणि टँकच्या तळाशी असलेल्या भोकांवर अशी टेकवायची की भोक झाकलं जाईल, बुजणार नाही. भाच्याची जाड बोटं पडद्यावर या कामाशी झटताना बघून मला हसू यायचं. गोदामात चाळीस किलोची खोकी उचलणारा पोरगा, चिमूटभर कापसाने घामाघूम. कापूस कमी पडला की उलटा त्रास: द्रव आत घुसतो, टँक गुळगुळ वाजतो, हवेच्या भोकातून ठिबकतो. मग ओ-रिंग बघायची, झाकण लावताना हवेचं भोक बंद केलं होतं का बघायचं, द्रव फार पातळ घेतला का बघायचं. दाट द्रव घेतला तर झुरक्यांमध्ये दम खायला हवा, नाही तर वात भरायला वेळच मिळत नाही. कोरडा पंप आणि कोरडी वात, दोन्हीकडे पाणी पोचायच्या आत यंत्र चालू केलेलं असतं.

काही वेळा कॉइल खरीच खराब दिसते. काळा, चिकट, कोळशासारखा थर. तो गोड चवीच्या द्रवांचा. त्यातले गोडी आणणारे पदार्थ तारेवर करपून बसतात. भाच्याला कस्टर्डच्या चवीचा शौक. कापूस काढून कॉइल कोरडी पेटवायची, थर राख होतो, पाण्याखाली धरून ब्रशने झटकायचा, नवी वात घालायची. कँथलला हे चालतं. निकेल किंवा टायटॅनियमच्या तारा अशा लाल करू नयेत. आणि मीटरवर आकडा सारखा उड्या मारत असला, आता १.१, मग १.४, मग पुन्हा १.१, तर कॉइलकडे बघूच नये. पोस्टाचा स्क्रू ढिला असतो किंवा तारेचा कापलेला पाय डेकला, म्हणजे कॉइल बसते त्या धातूच्या तळाला, कुठेतरी टेकतो. आमच्याकडे टर्मिनल ब्लॉकवर हेच होतं. कळंगुट-बागाकडच्या हॉटेलांतून येणाऱ्या मोटरींची तर टर्मिनलंच आधी बघायची, खारी हवा पितळावर हिरवी चढलेली असते.

नंतर त्याने स्टेनलेस स्टीलची तार आणली, ३१६ ग्रेडची, आणि म्हणाला यंत्र आता तापमान ओळखतं. थर्मामीटर कुठे आहे, मी विचारलं. नाहीच. यंत्र तारेचा रेझिस्टन्स बघून तापमान काढतं. हे ऐकून मला माझ्याच दुकानात बसल्यासारखं वाटलं. चालू मोटरच्या पोटात थर्मामीटर घालता येत नाही, तेव्हा आम्ही थंड असताना वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजतो, ती चालवतो, बंद करून लगेच पुन्हा मोजतो. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० टक्के वाढला तर वाइंडिंग ५० अंशांनी तापली. कँथलचा रेझिस्टन्स तापून लाल झाली तरी जेमतेम हलतो, म्हणून तिच्यावर ही युक्ती चालत नाही. स्टीलवर चालते. वात कोरडी पडली, तापमान चढलं, रेझिस्टन्स चढला, यंत्राने करंट तोडला. एकच पथ्य: पहिलं माप तार पूर्ण थंड असतानाच घ्यायला हवं. भाचा कॉइल लाल करून लगेच यंत्राला जोडायचा, यंत्र तो गरम आकडा थंड समजायचं, आणि मग तापमान भलतंच धरायचं. यंत्राला दोष देऊन झाला होता, अर्थात.

१ जून २०२५पासून ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आली, तेव्हापासून गोदामातले चार-दोन जण टँक घेऊन भाच्याकडे येतात. तो पैसे घेत नाही, चहा घेतो. निकोटिनचं प्रमाण त्याने हळूहळू बरंच खाली आणलंय, तिथल्या कायद्याने एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ही वरची हद्द, हा आता ३ वर आहे. बहिणीचं म्हणणं, शून्यावर आला की मला सांगा. माझा संशय असा की शून्यावर आल्यावरही तो कॉइल वळत राहील, आणि कॉइल वळलेली असली की ती ओढून बघावीशी वाटणारच. दुरुस्तीचा नादही सवयीला धरून ठेवतो. हे मी बहिणीला बोललेलो नाही.

वाद एकदाच झाला. त्याने कुणा मित्राचा मेकॅनिकल मॉड आणला. म्हणजे पितळेची नळी, आत एक १८६५० मापाचा लिथियम सेल, खाली बटण. सर्किट नाही, फ्यूज नाही, काही नाही. त्यावर ०.१५ ओमची कॉइल बांधून वाफेचे मोठे ढग काढायचे होते. मी कागदावर भागाकार केला. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, भागिले ०.१५, आले २८ ॲम्पिअर. सेलवर लिहिलंय २० ॲम्पिअर. शिवाय सेलवरचं प्लास्टिकचं वेष्टन वरच्या कडेला फाटलेलं, आणि लिथियम सेलचं अख्खं अंग निगेटिव्ह असतं. पॉझिटिव्हच्या शेजारी ते उघडं पडलं तर नळीतच शॉर्ट, आणि बंद नळीत सेल फुटला तर तो तोंडासमोर फुटतो. तो म्हणाला मित्र महिनोन् महिने वापरतोय, काही झालं नाही. मोटर जास्त करंट ओढू लागली की तिला बंद पाडणाऱ्या ओव्हरलोड रिलेला तार मारून बायपास केलेला प्रत्येक स्टार्टर मला याच वाक्यासकट दाखवला गेलाय. मी सरळ बहिणीला फोन केला. माय-लेकात काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण नळी मित्राला परत गेली, सेलला नवं वेष्टन चढलं, आणि भाच्याने माझ्यावर चांगला राग धरला. हल्ली व्हिडिओ कॉल येत नाही, नुसता निरोप येतो: "अमक्याची कॉइल जळली." मी उलट विचारतो, किती ओम, किती व्होल्ट, कापूस कुठल्या रंगाचा. आकडे पाठवेपर्यंत मी काही लिहीत नाही.